परफ्यूम दादरपर्यंतसुद्धा टिकत नाही, मदत हवी आहे (रविवारच्या आत)

जलद_लोकल
नमस्कार मंडळी. थेट विचारते. सकाळी परफ्यूम मारून निघते आणि दादर येईपर्यंत वास गायब. ऑफिसात पोचेस्तोवर नावालाही उरत नाही. साडेतीन हजारांची बाटली आहे, अशी टाकून देववत नाही. येत्या रविवारी धाकट्या भावाचा साखरपुडा आहे, सकाळी नऊला घर सोडायचं ते रात्री अकरापर्यंत. मनगटं एकमेकांवर घासू नका हे शंभर ठिकाणी वाचलंय, ते कृपया परत सांगू नका. काय केलं की टिकेल? लवकर सांगा.

वाळ्याचा_पडदा
कुठला परफ्यूम? ईडीटी की ईडीपी, म्हणजे हलका की दाट? वास कशाचा आहे, फुलांचा, लिंबाचा, लाकडाचा? लावता कुठे, अंगावर की कपड्यांवर? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार, ताई?

जलद_लोकल
परफ्यूमच आहे, चांगल्या दुकानातून घेतलेला. सगळे लावतात तसाच लावते. सात बाराची लोकल असते, तेव्हा कुठे किती मारला ते कोण बघतंय. उपाय सांगा ना.

अत्तरवाले_काका
स्प्रेचा नाद सोडा. त्यात बहुतेक भाग अल्कोहोल, ते उडून जाणारच. अत्तर घ्या. कन्नौजला तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून झाकण मातीनं लिंपतात, खाली जाळ करतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात, उतरते. भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते सगळा वास धरून ठेवतं. माझे वडील हिन्याच्या अत्तराचा फाया कानात ठेवून सकाळी बाहेर पडायचे. संध्याकाळी ते जिन्यात आले की आम्हाला घरात कळायचं. कुठलाही स्प्रे ह्याच्या जवळपास येत नाही.

प्रयोगशाळेतला
काका, आदर ठेवून सांगतो, हे अर्धंच खरं आहे. चंदनाचं तेल आज इतकं महाग आहे की बाजारातल्या पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागी पॅराफिन नाहीतर दुसरा स्वस्त द्रव असतो. वास टिकतो तो मुळात कुठल्या पदार्थाचा आहे त्यावर. चंदन, वाळा, ऊद, कस्तुरीसारखे पदार्थ जड, सावकाश उडतात. लिंबू, संत्रं, बर्गमोट (लिंबाच्या जातीचं एक फळ) हलके, ते अर्ध्या तासात निघून जातात, मग तुम्ही ते तेलात घाला की अल्कोहोलमध्ये.

अत्तरवाले_काका
मी चाळीस वर्षं अत्तर वापरतोय. खरं कुठलं आणि पॅराफिनचं कुठलं हे मला नाकानं कळतं. दुकान पारखून घ्यावं लागतं एवढंच, त्यासाठी अत्तराला नावं ठेवू नका.

प्रयोगशाळेतला
अत्तराला नावं ठेवत नाहीये, काका. रविवारच्या आत ह्यांनी दुकानं कशी पारखायची, एवढाच प्रश्न आहे.

डोकेदुखी_कायमची
जरा वेगळी बाजू मांडते. मला अर्धशिशी आहे. लेडीज डब्यात शेजारी कुणी गच्च परफ्यूम मारून बसलं की ठाण्यापर्यंत माझे डोळे मिटायला लागतात आणि पुढचा अख्खा दिवस जातो. परफ्यूम जास्त टिकावा म्हणून जास्त मारू नका, एवढी विनंती आहे. टिकणं वेगळं आणि पसरणं वेगळं.

माहेर_साताऱ्याचं
आंघोळीनंतर काखेत ओली तुरटी फिरवा, दिवसभर घामाचा वास येत नाही. दहा रुपयांची तुरटी वर्षभर पुरते.

जलद_लोकल
घामाचं मी विचारलंच नाहीये! बाटली आणून बघितली. ओ द त्वालेत असं लिहिलंय, ५० मिली. मारल्यावर लिंबू-संत्र्यासारखा ताजा वास येतो, तोच आवडला म्हणून घेतली. बाथरूमच्या फडताळात ठेवते, गिझरच्या खाली. गळ्यावर आणि मनगटांवर दोन-दोनदा मारते. झालं?

वाळ्याचा_पडदा
आता कसं! सगळं उत्तर ह्यातच आहे बघा. ओ द त्वालेत म्हणजेच ईडीटी, त्यात सुगंधी द्रव्य साधारण ५ ते १५ टक्के. ईडीपीत साधारण १५ ते २०. त्यात तुमचा वास लिंबू-संत्र्याचा, म्हणजे सगळ्यात आधी उडणारा. परफ्यूम खराब नाही, तो असाच बनवलेला असतो. बाटली मात्र आजच बाथरूममधून हलवा. उष्णता, उजेड आणि दमट हवेनं तो बिघडतो, आणि आधी बिघडतात त्या हेच लिंबूवर्गीय वास. कपाटात, खोक्यात घालून ठेवा.
आता एक सांगा, त्वचा कोरडी आहे का?

जलद_लोकल
हो, खूप. थंडीत नखानं ओरखडा काढला तर पांढरी रेघ उमटते. त्याचा काय संबंध?

वाळ्याचा_पडदा
फार मोठा संबंध आहे. कोरड्या कातडीवर धरून ठेवायला काही नसतं, वास लवकर उडतो. आंघोळ झाल्यावर अंग किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. जिथे परफ्यूम मारायचा तिथे पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा, अगदी पातळ. त्यावर परफ्यूम. वासाचं लोशन लावलंत तर दोन वास भांडतात.

प्रयोगशाळेतला
ह्यात दोन गोष्टी जोडतो. एक, तुमचं नाक. एकच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो, तसंच. शिवाय कस्तुरीसारखे काही कृत्रिम पदार्थ काही जणांच्या नाकाला कळतच नाहीत. म्हणून 'गायब' ठरवण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी विचारा. दुसरं, गळ्यावर मारून थेट उन्हात जाऊ नका. बर्गमोट किंवा लिंबाच्या सालीच्या तेलातल्या काही घटकांवर ऊन पडलं की काही जणांच्या कातडीवर तपकिरी डाग उठतात आणि महिनोन् महिने जात नाहीत. साखरपुडा दिवसा मोकळ्यावर असेल तर हे लक्षात ठेवा.

पैठणीची_घडी
कपड्यांवर जास्त टिकतो हे खरं, पण रेशमावर चुकूनही नको! बहिणीच्या लग्नात अत्तराचं बोट मी सवयीनं पदराला पुसलं. मोरपंखी पैठणी, पदरावर रुपयाएवढा तेलकट डाग. दोन ठिकाणी ड्रायक्लीन केली, डागाची कडा अजून दिसते. नेसताना तेवढी चुणी आत घेते. मोत्यांचंही तसंच, अल्कोहोलनं मोत्यांचं पाणी जातं. आधी परफ्यूम, तो वाळला की दागिने, नथ अगदी शेवटी.
तुम्ही काय नेसणार आहात?

माहेर_साताऱ्याचं
रंग कोणता? सध्या पिस्ता खूप चाललाय.

जलद_लोकल
इरकल आहे, रेशमी काठ-पदराची. रंग कुसुंबी. आणि मोत्यांचा तन्मणी आहे आईचा, बरं झालं सांगितलंत.

अत्तरवाले_काका
मग रुमालाला लावा. सुती रुमाल, घडी करून कमरेला खोचा. आमच्याकडे पानसुपारीच्या वेळी मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तर लावायचे, तळव्याला नाही, कारण तळवा धुतला जातो. तुम्हीसुद्धा हात धुतल्यावर जाणार नाही अशा जागी लावा. कोपराची आतली बाजू, मानेचा मागचा भाग. केसांना नको, अल्कोहोलनं कोरडे होतात. केसांसाठी गजरा आहे.

डोकेदुखी_कायमची
काकांचा रुमाल मला पटला. नको वाटला तर पर्समध्ये टाकता येतो.

जलद_लोकल
काल करून बघितलं, म्हणून लिहिते. उजव्या मनगटावर नुसता परफ्यूम. डाव्यावर आधी जेली, मग परफ्यूम. आणि एक सुती रुमाल, तीन फवारे. तिन्ही सकाळी पावणेसातला. उजवं मनगट दादरलाच संपलं. डाव्याचा वास मला साडेदहाला येईनासा झाला, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या ताईंपुढे हात धरला. त्या म्हणाल्या, येतोय की, संत्र्याचा नाही, काहीतरी साबणासारखं मऊ. दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत त्यांना येत होता. रुमाल संध्याकाळी परतीच्या गाडीत उलगडला तर त्यातून अजून वास येत होता, पण तोही तो मऊवालाच. संत्रं कुठेच नव्हतं. मला तर संत्रंच हवं होतं.

वाळ्याचा_पडदा
संत्रं दिवसभर राहणार नाही, ताई, त्याला इलाज नाही. ते परत परत लावायचं. पाच मिलीची रिकामी फवाऱ्याची कुपी मिळते, ती भरून पर्समध्ये ठेवा. सकाळी एकदा, जेवणाआधी एकदा, संध्याकाळी फोटोंच्या आधी एकदा. प्रत्येक वेळी एकच फवारा, आणि तो माणसांपासून लांब जाऊन.

जलद_लोकल
कुपी आज स्टेशनबाहेरून घेते. बाटली कपाटात हलवली. नवऱ्याला सांगून ठेवलंय, दर दोन तासांनी वास येतोय का ते सांगायचं, मी स्वतःच्या नाकावर जाणार नाही. सगळ्यांचे आभार. काका, खरा हिना कुठे मिळेल ते व्यनि (खाजगी निरोप) करा, साखरपुडा झाला की बाबांसाठी घ्यायचा आहे.

अत्तरवाले_काका
करतो. बाबांना आधी मिट्टी अत्तर हुंगायला द्या. भाजलेल्या मातीचं असतं, पहिल्या पावसाचा वास.

नवा_सभासद
नमस्कार, धागा पूर्ण वाचला. माझा प्रश्न उलटा आहे. हेल्मेटच्या आतल्या स्पंजात परफ्यूमचा वास मुरलाय, दोनदा धुतलं तरी जात नाही. काय करू?