प्रति: अमेरिकन स्टडीजची पदवी, आखणी कशी करावी?

ताई, मुलीला अमेरिकन स्टडीज, म्हणजे अमेरिकेच्या समाजाचा नि संस्कृतीचा अभ्यास, हा विषय घ्यायचाय पण 'नुसता इतिहास का नको?' असं तुम्ही विचारलंत. इतिहास त्यात आहेच. सोबत साहित्य, राजकारण, वंशभेद, स्थलांतर, संगीतही येतं. म्हणूनच भरकटायची भीती असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवता येतो, त्यामुळे घाई नको. आधी इतिहासाचा आणि साहित्याचा एकेक पायाभूत कोर्स करू दे. स्पॅनिश जरूर शिकावी. नैऋत्य अमेरिका तिच्याशिवाय अर्धीच कळते.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचा विचार मात्र आत्तापासूनच करा. मराठी येणाऱ्या मुलीकडे इथे मोठं भांडवल आहे! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. ड्यू बॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात आहेत, ऑनलाइनही वाचता येतात. ते पत्र तिला आजच दाखवा.