दोन्ही 'लूज'च ना, मॅडम?

प्रश्न
मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आठवीला इंग्रजी शिकवते. 'माझे दप्तर हरवले' या वाक्याच्या इंग्रजीत एका मुलाने हरवण्याच्या क्रियापदाऐवजी दोन 'ओ' असलेला, सैल या अर्थाचा शब्द लिहिला आणि वर विचारले, "दोन्ही लूजच ना, मॅडम?" 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइज' यांचीही अशीच गल्लत होते. पाठांतराशिवाय हा फरक कसा समजवावा?

उत्तर १
ताई, चूक स्पेलिंगची दिसत असली तरी तिचे मूळ आपल्या उच्चारात आहे. सायकलचा नट ढिला झाला की आपण 'लूज झाला' म्हणतो; इंग्रजीत मात्र सैल म्हणजे 'लूस', आणि 'लूज' म्हणजे हरवणे किंवा हरणे. मी अशा वेळी फळ्यावर 'जवस' लिहितो, कारण चटणीमुळे तो घरोघरी ठाऊक आहे आणि लागणारे दोन्ही ध्वनी (ज जवळजवळ, स अगदी तंतोतंत) त्यात आहेत. नाम किंवा विशेषण असेल तर शेवटी जवसातला स, क्रियापद असेल तर जवसातला ज. सल्ला 'ॲडव्हाइस', सल्ला देणे 'ॲडव्हाइज'. उपयोग 'यूस', वापरणे 'यूज'. जवळचा मित्र 'क्लोस', दार मात्र 'क्लोज' करायचे.

उत्तर २
जवसाची युक्ती उत्तम आहे, पण ती सरसकट चालत नाही, हेही मुलांना सांगावे. 'नॉइज' हे नाम असूनही त्यात ज आहे आणि 'प्रॉमिस' क्रियापद झाले तरी त्यातला स कायम राहतो. 'प्रॅक्टिस'चा उच्चार दोन्हीकडे एकच. ब्रिटिश लेखनात नामाला 'सी' आणि क्रियापदाला 'एस', तर अमेरिकेत दोहोंना 'सी'. 'स्टेशनरी'च्या बाबतीतही कानाचा उपयोग नाही. तेथे गोष्ट सांगावी: मध्ययुगीन युरोपात विद्यापीठाजवळ एका जागी दुकान मांडणारा पुस्तकविक्रेता, आठवडी बाजार फिरणाऱ्यांहून वेगळा, म्हणून 'स्टेशनर' ठरला. त्यामुळे स्थिर आणि वह्या-कागद हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. स्थिर असेल तर शेवटी 'ए-आर-वाय', वह्या असतील तर 'ई-आर-वाय'.

उत्तर ३
एक गोष्ट सर्वांच्याच नजरेतून सुटली. वाक्य 'हरवले' असे भूतकाळी आहे. तेथे 'लॉस्ट' हवे. म्हणजे त्या वाक्यापुरते लूसही नाही आणि लूजही नाही.

प्रश्नकर्ती
खरेच की! मीही वहीत दुसरा 'ओ' तेवढा खोडून बरोबरची खूण केली होती. उद्या आधी ती खूण खोडते, मग जवस लिहिते. दप्तर परवाच बैलबंडीत सापडले.