युद्धाच्या देशात राहणारे नागपूरकर: वीज, नेट, निवारा आणि घरच्यांशी संपर्क

युक्रेन, इस्रायल, इराण, आखात इथे नागपूरची किती तरी मुलं शिकायला आणि कामाला आहेत. २०२२ पासून सायरन, ड्रोन, बंद हवाई हद्द हे विषय इकडच्या घराघरांत निघतात. या धाग्यात आठवणी नकोत. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा: काय लागतं, किती लागतं, कुठे फसतं.

विद्युत अभियंता, कीव

वीज गेली की नेटही जातं, असा समज आहे. तो जोडणीवर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजयंत्रणेवर मारा सुरू केला, तेव्हापासून युक्रेनमध्ये जीपॉन पद्धतीच्या फायबर जोडणीला मोठी मागणी आली. या पद्धतीत एक्सचेंजपासून घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं. वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीलाही, वीज लागत नाही. एक्सचेंजला जनरेटर असला आणि घरातला ओएनयू (फायबरचा सिग्नल राउटरला देणारी पेटी) व राउटर जिवंत राहिला, की नेट चालतं. जुन्या पद्धतीत इमारतीच्या जिन्यातल्या पेटीत एक स्विच असतो. त्याची वीज गेली की घरात कितीही बॅटऱ्या ठेवा, काही उपयोग नाही. म्हणून भाड्याचं घर बघताना हीटरच्याही आधी हे विचारा.

आता हिशेब. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर. म्हणजे ७४ वॅट-तास. १२ व्होल्ट करताना साधारण पाचवा हिस्सा वाया जातो, हाती साठेक उरतात. ओएनयू आणि राउटर मिळून १० वॅट घेत असतील तर सहा तास निघतात. यूएसबीतून १२ व्होल्ट काढणारी बूस्टर केबल लागते. ती घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, १२ ची केबल लावली तर जळू शकतात. पिन ५.५ मिलिमीटरची असते, पण आतलं भोक कुठे २.१ तर कुठे २.५, चुकीची पिन बसल्यासारखी वाटते आणि हलली की राउटर बंद पडतो. चार्ज होता होता वीज पुरवायची सोय प्रत्येक पॉवर बँकेत नसते. असली तरी वीज जाण्याच्या क्षणी बहुतेकांत झटका बसून राउटर पुन्हा सुरू होतो. ज्याला ऑनलाइन काम करायचंय त्याने सरळ राउटरचा छोटा यूपीएस घ्यावा.

नागपुरातून नेणाऱ्यांनी १०० वॅट-तासांच्या आतलीच पॉवर बँक घ्यावी, आणि ती हातातल्या बॅगेत. चेक-इन सामानात चालत नाही.

काळजीवाहक, हैफा

इस्रायलमध्ये १९९१ च्या आखाती युद्धानंतर नव्या घरात संरक्षित खोली सक्तीची झाली. तिला ममाद म्हणतात. काँक्रीटच्या जाड भिंती, पोलादी दार, खिडकीला पोलादी झडप. लोक तिथे कपाटं आणि सुटकेसा भरून ठेवतात, झडपेच्या खाचेत सामान अडकतं आणि नेमक्या वेळी ती बंद होत नाही. महिन्यातून एकदा झडप पूर्ण ओढून बघा. दाराची मूठ पूर्ण फिरवली नाही तर दार नुसतं टेकलेलं राहतं आणि स्फोटाच्या दाबाने उघडतं. ही खोली स्फोटाचा दाब आणि तुकडे अडवते. मोठं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र थेट आदळलं तर ती पुरेशी नाही.

सायरननंतर निवाऱ्यात शिरायला किती वेळ मिळतो ते गावावर ठरतं. गाझाला लागून असलेल्या स्देरोतला १५ सेकंद, तेल अवीवला ९०. इराणहून येणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी फोनवर काही मिनिटं आधी पूर्वसूचना येते. म्हाताऱ्या माणसाला चाकाच्या खुर्चीवरून न्यायचं असेल तर सायरनची वाट न बघता त्या सूचनेलाच हलवा.

वैद्यकीय विद्यार्थिनी, ल्विव

तळघर गाठणं शक्य नसेल तर दोन भिंतींचा नियम: बाहेरची भिंत धक्का झेलते, आतली भिंत तुकडे आणि काचा. बिनखिडकीचा पॅसेज सर्वांत बरा. न्हाणीघर अनेकांना सुरक्षित वाटतं, पण टाइल्स आणि आरसा फुटून त्यांचेच तुकडे लागतात. काचेला चिकटपट्टी लावून काच वाचत नाही, फक्त तुकडे थोडे कमी उडतात.

निवृत्त तंत्रज्ञ, अंबाझरी

ड्रोन म्हणजे एकच गोष्ट नाही. शाहेद-१३६ हा इराणी बनावटीचा स्फोटक ड्रोन ताशी साधारण १८० किलोमीटरने येतो, लुनासारखा आवाज करतो, त्यामुळे इशारा तासन्‌तास चालतो. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला मिनिटंच लागतात. पहिल्याला कंटाळून लोक निवाऱ्यातून बाहेर येतात आणि दुसऱ्यात सापडतात. आपल्या नागपुरात बनणारं नागास्त्र-१ हे ड्रोन वेगळ्याच जातीचं: सुमारे ९ किलोचं, लक्ष्यावर घिरट्या घालणारं, लक्ष्य मिळालं नाही तर पॅराशूटने परत उतरवता येणारं. रेडिओ जॅमिंगला (ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडण्याला) तोंड देण्यासाठी आता युक्रेनच्या आघाडीवर मागे बारीक ऑप्टिकल फायबर सोडत जाणारे ड्रोन आले आहेत. त्यांना जॅमर रोखू शकत नाही.

जीपीएसही असंच खोटे सिग्नल सोडून बिघडवतात. २०२४ मध्ये तेल अवीवमधल्या फोनांवर लोकेशन बैरूत विमानतळाचं दिसत होतं. म्हणून घरी नुसती लोकेशनची खूण पाठवू नका; रस्ता, घर क्रमांक, जवळची खूण लिहा. मुक्कामाच्या शहराचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा.

आणि कृपा करून स्फोटाचे व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. कुठे पडलं हे शत्रूला त्यातूनच कळतं. युक्रेनमध्ये तर लष्कराच्या हालचाली आणि ठावठिकाणा उघड करणं मार्च २०२२ पासून गुन्हा आहे.

तिकिटांचं काम करणारी, धंतोली

२३ जून २०२५ ला कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी हवाई तळावर इराणी क्षेपणास्त्रं आली तेव्हा कतारची हवाई हद्द काही तास बंद होती. अशा वेळी दोहामार्गे नागपूरपर्यंतचं सगळं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर पुढची सोय विमान कंपनीने करायची असते. मुंबई किंवा दिल्लीपर्यंत एक आणि नागपूरसाठी वेगळं स्वस्त तिकीट घेतलं, तर दुसरं तिकीट बुडतं. प्रवास विम्यातून युद्धामुळे होणारं नुकसान सहसा वगळलेलं असतं. पॉलिसीतलं ते पान आधी वाचा.

विमानं बंद झाली की रस्ता जमिनीवरून निघतो. २०२२ मध्ये भारताने युक्रेनमधून आपली माणसं आणली त्या ऑपरेशन गंगात लोक पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियात पोचले. जून २०२५ च्या तशाच ऑपरेशन सिंधूत इराणमधले काही विद्यार्थी आर्मेनियातून, इस्रायलमधले जॉर्डन आणि इजिप्तमधून आले. म्हणून दूतावासाकडे नोंदणी आजच करा, पासपोर्टची पहिली-शेवटची पानं आणि व्हिसा कागदावर छापून ठेवा, लहान रकमेच्या डॉलरच्या नोटा जवळ असू द्या. इराणमध्ये आपली कार्डं चालतच नाहीत.

आई, प्रतापनगर

इकडच्यांसाठी. जून २०२५ मध्ये इराणचं इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद झालं होतं, तेव्हा मेसेजला उत्तर न येणं याचा अर्थ वाईटच असतो असं नाही. आधीच ठरवून घ्या: नागपुरातली एकच व्यक्ती फोन करेल, बाकीचे तिला विचारतील. दहा नातेवाईक एकाच वेळी लावतात तेव्हा मुलाची बॅटरी संपते. फोनपेक्षा साधा एसएमएस अडचणीतल्या नेटवर्कवर लवकर जातो. त्यात तीनच गोष्टी: कुठे आहे, कसा आहे, पुढचा मेसेज किती वाजता. वेळ भारतीय घड्याळाने लिहायची. कीव आणि तेल अवीव उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतात, हिवाळ्यात साडेतीन.