अमेरिकेत ९ होमरन, जपानमध्ये २०२! रँडी बासचं गौडबंगाल काय?

चाकणचा_शिफ्टवाला:
आमच्या प्लांटला ओसाकाहून एक साहेब आलेत, हानशिन टायगर्स या जपानी बेसबॉल संघाचे कट्टर भक्त. चहाच्या सुट्टीत रोज 'बासु-सान'चं पारायण. शोधलं तर माणूस अमेरिकन निघाला, रँडी बास. अमेरिकेच्या सर्वोच्च मेजर लीगमध्ये ६ मोसमांत ९ होमरन (आपल्या षटकारासारखा, थेट मैदानाबाहेरचा फटका) आणि हानशिनकडून १९८३ ते ८८ मध्ये २०२! तिकडची बोलिंग एवढी लल्लूपंजू होती का?

पेठेतला_खवचट:
बोलिंग नाही, पिचिंग म्हणतात. बाकी उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे.

पर्वती_पायथा:
खवचटराव, जरा थांबा. त्या ६ मोसमांत पाच संघ बदलले आणि सामने जेमतेम १३०. आज मैदानात, उद्या बाकावर. हाच माणूस १९८० मध्ये डेन्व्हरच्या मायनर लीग (मेजरच्या खालची पायरी) संघाकडून ३७ होमरन मारून बसला होता, म्हणजे मनगटात जोर होताच. हानशिनने त्याला रोज खेळवलं.

पण खरी मेख हानशिनच्या घरच्या कोशिएन मैदानात आहे. समुद्र जवळ, वारा उजवीकडून डावीकडे. बाससारख्या डावखुऱ्याने सवयीने उजवीकडे ओढलेला उंच फटका वाऱ्यात अडकतो आणि झेल जातो. बासने ओढायचा हट्टच सोडला. चेंडू थोडा उशिरा गाठायचा, डावीकडे उचलायचा, पुढचं वारा बघून घेतो. १९८५ ला ५४ होमरन आणि तिहेरी मुकुट, म्हणजे होमरन, फटक्यांवर मिळवून दिलेल्या धावा आणि फलंदाजीची सरासरी तिन्हींत लीगमध्ये पहिला. ८६ ला परत तिहेरी मुकुट, सरासरी .३८९, जपानमध्ये आजही विक्रम. लीग कच्ची असती तर गेलेल्या प्रत्येक अमेरिकनाने हे केलं असतं. कित्येक जण एका मोसमात बोचकं बांधून परत आलेत.

कर्वेनगर_कट्टा:
५४ वरच का अडकला तेही सांगा की! जपानचे होमरनसम्राट सादाहारू ओ यांचा एका मोसमाचा तेव्हाचा विक्रम ५५ चा. शेवटी गाठ योमिउरी जायंट्सशी, मॅनेजर खुद्द ओ. पिचरनी बॅट पोचणार नाही असे चेंडू टाकून त्याला फुकटात बेसवर धाडला. ओ म्हणाले, मी सांगितलं नव्हतं. नसेल बुवा. २००१ मध्ये टफी रोड्स हा दुसरा अमेरिकन ५५ वर आला, तेव्हाही समोर ओंचाच संघ होता आणि तेव्हाही हेच!

चाकणचा_शिफ्टवाला:
तरीच जायंट्स म्हटलं की साहेबांचा चहा गार होतो. रविवारी सिंहगड रोडच्या जपानी बागेत नेतोय, तिथे छेडतो.

पेठेतला_खवचट:
केएफसीच्या बोधचिन्हावरच्या दाढीवाल्या कर्नल सँडर्सचंही विचारा. ८५ च्या विजयाच्या जल्लोषात, हाही बाससारखाच दाढीवाला म्हणून लोकांनी दुकानासमोरचा त्याचा पुतळा ओसाकाच्या कालव्यात फेकला, तो निघाला २००९ ला.