'थ्री-वे हँडशेक'ला काय म्हणाल? हस्तांदोलन, खडाखडी की पोच?

प्रश्न

अकरावीच्या मुलांसाठी नेटवर्किंगवर मराठीतून चार पानं लिहितोय आणि 'थ्री-वे हँडशेक'पाशी गाडी अडलीय. टीसीपीने (इंटरनेटवर डेटा क्रमाने आणि खात्रीने पोचवायच्या नियमांनी) बोलायला लागण्याआधी दोन संगणकांत तीन निरोप होतात: सिन ('सिंक्रोनाइझ'), सिन-अ‍ॅक आणि अ‍ॅक ('अ‍ॅकनॉलेज', म्हणजे मिळाल्याची कबुली). मग डेटा सुटतो. याला 'त्रिस्तरीय हस्तांदोलन' म्हटलेलं वाचलं. पण यात स्तर कुठले? शिवाय 'आंदोलन' दिसलं की पोरं मागच्या बाकावरून घोषणा देतात.

प्रतिसाद १

'त्रिस्तरीय' पंचायत राजलाच राहू द्या. हस्तांदोलनाला मात्र हसू नये. आंदोलन म्हणजे मुळात झोका, हेलकावा. मोर्चेवाला अर्थ पुढे चिकटला. हात हातात घेऊन हलवायचा, म्हणून हस्त-आंदोलन, म्हणजे इंग्रजी शब्दाचंच सरळ मराठी. 'हातमिळवणी' नको, ती बातम्यांत कायम कंत्राटदार आणि अधिकाऱ्याचीच असते.

प्रतिसाद २

मी कुस्तीच्या गावचा. आमच्याकडे सलामी झडली की लगेच कुणी डाव टाकत नाही. आधी खडाखडी होते: मनगट धरून बघायचं, मानेवर हात टाकून बघायचं, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे त्याचा अंदाज घ्यायचा. जुना डायल-अप मोडेम फोन लागल्यावर किरकिर, खरखर करायचा, तोही हँडशेकच की. किती वेगाने बोलायचं ते दोन्ही मोडेम त्या आवाजातूनच ठरवत. खडाखडी म्हणा, मुलं विसरायची नाहीत.

प्रतिसाद ३

मी दिवसभर हेच काम करते, म्हणून जरा लांबण लावते. खडाखडी मोडेमला झकास बसते. टीसीपीतही थोडी असते, एका वेळी केवढा तुकडा झेपेल वगैरे पहिल्याच निरोपांत सांगून टाकतात. पण तीन निरोप लागतात ते त्यासाठी नाही.

टीसीपीत पाठवलेल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, आणि सुरुवात कुठून करायची ते ज्याचं तो ठरवतो. समजा 'अ' म्हणाला, "माझा आकडा ५०००." 'ब' म्हणतो, "५००० पोचला, आता ५००१ची वाट बघतो. आणि माझा ९२००." 'अ' म्हणतो, "९२०० पोचला, ९२०१ येऊ दे." दोन आकडे, दोन पोचा. खरं तर हे चार निरोप झाले, पण 'ब'ची पोच आणि त्याचा आकडा एकाच पाकिटात जातात, म्हणून तीन.

मग दोनात का भागवत नाहीत? लग्न लागून गेल्यावर टपालातून आलेली पत्रिका आठवा. नेटवर्कमध्येही जुनं सिन कुठेतरी रेंगाळतं आणि उशिरा 'ब'च्या दारात उभं राहतं. दोनच निरोपांची रीत असती तर 'ब' जोडणी झाली असं समजून मांडव घालून बसला असता. तिसऱ्याची अट आहे म्हणून 'ब' आपला आकडा सांगून थांबतो, आणि 'अ' कळवतो, "मी हाक मारलेलीच नाही, सोडून दे." टीसीपीच्या सप्टेंबर १९८१च्या तपशिलात, आरएफसी ७९३मध्ये, तीन निरोपांचं मुख्य कारण हेच दिलंय. ही युक्ती रे टॉमलिन्सन यांची, १९७५च्या सुमाराची. ईमेलच्या पत्त्यात '@' आणणारे तेच.

तेव्हा माझ्या मते इथला कळीचा शब्द हात नव्हे, पोच आहे. अ‍ॅकला याहून नेमका शब्द मिळणार नाही. रजिस्टर पत्राची पोचपावती घरात ठाऊक असते.

प्रतिसाद १

पटलं. पण नावाचं काय? 'दुहेरी पोच' म्हटलं तर इंग्रजी पुस्तक उघडल्यावर पोरगं शोधत बसेल.

प्रतिसाद ३

नाव हस्तांदोलनच ठेवा, समजावताना पोच वापरा. सिनला मी हात लावणार नाही. मूळ शब्द 'सिंक्रोनाइझ', त्याला 'समकालन' केलंत तर मुलं घड्याळं लावायला जातील. इथे जुळवायचे असतात ते आकडे.

प्रश्नकर्ता

आभार. असं लिहितो: "टीसीपीचं हस्तांदोलन तीन निरोपांचं असतं. त्यात दोन्ही बाजू आपापला सुरुवातीचा आकडा कळवतात आणि समोरच्याच्या आकड्याची पोच देतात." आता 'हाफ-ओपन कनेक्शन' उरलं. सिन आलं, सिन-अ‍ॅक गेलं, तिसरा निरोप येतच नाही. अर्धोन्मीलित?

प्रतिसाद २

अर्धोन्मीलित कळी असते हो. 'ताटकळलेली जोडणी' म्हणा.

प्रतिसाद ३

वा! आणि सिन-फ्लड शिकवणार असाल तर आयताच कामाला येईल. १९९६मध्ये न्यू यॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीला असंच बेजार केलं होतं: खोट्या पत्त्यांवरून सिनवर सिन, पोच एकाचीही नाही. ताटकळलेल्या जोडण्यांनीच सगळी जागा अडली आणि खरी गिऱ्हाइकं दाराबाहेर राहिली.