मदत हवी आहे: पत्रा वाकवायच्या घरगुती बेंडरवर मधला कोन पूर्ण येत नाही

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं काम करून पत्रा वाकवायचं बेंडर उभं केलं आहे. रचना साधीच आहे. ५०×५०×६ मिमीचे तीन अँगल (L आकाराच्या लोखंडी पट्ट्या), प्रत्येकी ६५० मिमी लांब. एक टेबलाला पक्का केलाय. दुसरा वरून पत्रा दाबतो (याला दाबपट्टी म्हणतो) आणि दोन्ही टोकांना १२ मिमीच्या बोल्टने आवळला जातो. तिसरा बिजागऱ्यांवर फिरतो, त्याला दोन लांब दांडे जोडलेत.

१ मिमीचा लोखंडी पत्रा पूर्ण ६०० मिमी रुंदीत सुरेख वाकतो. पण हत्यारांच्या पेटीसाठी १.६ मिमीचा घेतला, तेव्हा टोकांना काटकोन आला आणि मध्यभागी पत्रा जेमतेम ८० अंश वळला. मधला कोन आणायला दांडे आणखी ओढले, तर टोकं ९०च्या पुढे गेली आणि बाजूला पीळ बसला. त्यावर झाकण काही बसेना. तोच पत्रा ३०० मिमी रुंदीचा घेतला तर फरक जवळजवळ दिसत नाही.

वाकवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे १ मिमीला जेवढा लागतो त्याच्या अडीचपट इथे लागतोय. त्यामुळे कुठलातरी अँगल मध्ये बाक घेतोय हे नक्की, पण कोणता? दाबपट्टीवर ५०×१० ची पट्टी उभी वेल्ड करायचा विचार आहे. मात्र सलग वेल्डिंग केलं तर पट्टीच वाकडी होईल ही भीती वाटते. वेल्ड झाल्यावर मागे फिरता येणार नाही, म्हणून आधी विचारतोय.

अजून एक. फिरत्या अँगलचा पत्र्यावर ओरखडा उमटतो. हे चालायचंच का?

प्रतिसाद १

वेल्डिंगला हात लावण्याआधी घडी नीट बघा. मध्यभागी आतली गोलाई टोकांपेक्षा मोठी दिसत असेल, तर दाबपट्टी उचलली जातेय. गोलाई सगळीकडे सारखी पण कोन कमी असेल, तर फिरता अँगल बाक घेतोय. खात्री करायची असेल तर मागच्या बाजूने दाबपट्टीखाली मध्यावर कागदाची पट्टी सरकवून पत्रा आवळा आणि सोबत्याला दांडे ४५ अंशांपर्यंत ओढायला सांगा. कागद सुटला तर दोष दाबपट्टीचा.

आणि दाबपट्टीची धार वाकवायच्या रेषेपासून किती मागे ठेवली आहे? ती साधारण पत्र्याच्या जाडीएवढी ते दीडपट मागे हवी. १ मिमीसाठी लावलेली तशीच राहिली असेल, तर जाड पत्रा तिथे चेपला जातो आणि जोर विनाकारण वाढतो.

ओरखड्याचं कारण बिजागरी. तिच्या खिळ्याचा मध्य पत्र्याच्या खालच्या पृष्ठभागाच्या रेषेतच यायला हवा. खाली-वर असला की अँगल फिरताना पत्र्यावर घासत सरकतो.

धागाकर्ता

दादा, नेमकं बोट ठेवलंत. बोल्टची भोकं गोल असल्याने दाबपट्टी मागे सरकतच नव्हती, अंतर कायम १ मिमी. भोकं कानशीने लांबट केली आणि धार २.४ मिमी मागे घेतली. मध्यभागी आता ८६ अंश मिळतात. कागदाची चाचणीही केली. कागद अलगद बाहेर आला, म्हणजे दाबपट्टीच उचलली जातेय. बिजागरीचा खिळा ३ मिमी खाली निघाला, बिजागऱ्या उद्या उंच करून बसवतो.

प्रतिसाद २

उरलेले ४ अंश पट्टी उभी जोडून मिळतील. उंची दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, म्हणून आडवी जाडी वाढवण्यापेक्षा उभी उंची वाढवा. मात्र सलग वेल्ड मारू नका. २५-२५ मिमीचे टाके द्या, एक मध्ये, मग एकेक दोन्ही टोकांकडे, आणि दोन टाक्यांमध्ये थंड होऊ द्या.

मी स्वतः वेल्डऐवजी ताणाची रचना पसंत करतो. दाबपट्टीच्या वर थोडं अंतर सोडून दुसरी मजबूत पट्टी टोकांना जोडायची आणि मध्यावर एक बोल्ट असा बसवायचा की आवळला की दाबपट्टीचा मध्य खाली रेटला जाईल. पत्र्याची जाडी बदलली तरी बोल्ट कमी-जास्त करून काम भागतं. वेल्डने ही सोय मिळत नाही.

पेटीची मापं कापण्याआधी हेही लक्षात घ्या: धार मागे घेतल्याने गोलाई थोडी वाढली असणार. आतली गोलाई २ मिमी धरली, तर बाहेरून ४०-४० मिमीच्या दोन बाजूंसाठी पट्टी ८० नव्हे, सुमारे ७७ मिमी कापावी लागते. शिवाय सोडल्यावर लोखंडी पत्रा १ ते ३ अंश परत उघडतो, तेवढा जास्त वाकवा.

धागाकर्ता

बोल्टची रचना केली. पहिल्यांदा पाव फेरा आवळला, मध्य ८८ वर आला. अर्धा फेरा दिला आणि ६०० मिमीभर गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून पाहिला, टोकापासून टोकापर्यंत उजेडाची फट नाही. ओरखडाही गेला. ७७ मिमीचा तुकडा वाकवून मोजला, दोन्ही बाजू ४० भरल्या. दोघांचे मनापासून आभार. आता पेटीचा पत्रा कापायला घेतो.