आधी बुश, मग बार

भावा, बलेनो अल्टुराला, म्हणजे मारुतीच्या त्या जुन्या वॅगनला, पुढचा स्ट्रट बार (दोन्ही बाजूंच्या शॉकअपची वरची टोकं जोडणारी दांडी) आधी टाकू की शॉकअप बदलू, असं विचारलंयस. हीच गाडी माझ्याकडं आहे. आधी लोअर आर्मचे बुश बघ, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांडीच्या सांध्यातले रबर. पन्हाळ्याच्या चढाला माझी गाडी वळणात बाहेर ओढायची. कोल्हापुरात उद्यमनगरच्या गॅरेजात लिफ्टवर चढवली, तर रबराला नख जाईल एवढी चीर. बुश बदलले आणि निम्मं दुखणं तिथंच गेलं. आणि हो, आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. आवळताना तू स्वतः समोर थांब.

मग शॉकअप. गाडी फार खाली बसवणारी स्प्रिंग नको, आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघतोयसच.

स्ट्रट बार टाकायचाच तर मागचा टाक. वॅगनला मागं मोठं दार, सेडानसारखी सीटमागं पत्र्याची भिंत नाही, त्यामुळं बॉडी मागंच जास्त पिळते. अँटिरोल बार वेगळा, तो वळणात गाडीला कलू देत नाही; मागचा जाड केलास तर वळणात पुढचं बाहेर पळणं कमी होईल, पण गगनबावड्याच्या पावसात मागची बाजू सुटू शकते. तेवढं बेतानं घे. सगळं झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करच.